श्वास आधी थांबतो की हृदय? हैदराबादच्या क्लोरोफॉर्म आयोगाची गोष्ट



मागच्या वेळी आपण कार्यकारणभावाची चर्चा न्यायदर्शनापाशी आणून सोडली होती. त्यानंतर दोघा-तिघांनी आमच्याकडे तक्रार केली की डोंगरावरचा तो धूर आणि त्यामागचा अग्नी ऐकून ऐकून कान किटले, एखादं ताजं उदाहरण द्या. तक्रार रास्त आहे. म्हणून आज आपण डोंगर सोडून शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभे राहू. धूर शेवटी एकदा येणार आहे, तेवढा सोसून घ्या.

या विषयाचं निमित्त घरगुती आहे. आमचे एक जुने मित्र, आमच्याच वयाचे, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाले. ऑपरेशन लहानसं. सर्जन तयार, तारीख ठरलेली. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई तपासायला आल्या, त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "काका, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का?" मित्र म्हणाले, "थोरला भाऊ. चौतीस वर्षांचा होता. एस.टी. स्टँडवर गाडी पकडायला धावला आणि तिथेच पडला." बाईंनी ऑपरेशन पुढे ढकललं आणि इको करायला सांगितलं. मित्र संतापले. आम्हाला फोन करून म्हणाले, "एवढंसं ऑपरेशन, आणि ही मुलगी चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या भावाची चौकशी करते!"

तेव्हा आम्ही त्यांना जे सांगितलं ते जरा विस्ताराने आज तुम्हाला सांगतो. आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली आहे, तेव्हा व्याख्यान संपल्यावर कुणी नाडी दाखवायला पुढे येऊ नये. आम्हाला यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. भूल दिल्यावर माणूस मेला तर तो कशाने मेला, या एका प्रश्नावर शहाणी, प्रामाणिक, कसलेली माणसं साठ वर्षांहून अधिक काळ भांडत राहिली, आणि त्या भांडणाचा सर्वांत मोठा अंक युरोपात नाही, आपल्या शेजारी हैदराबादला झाला. त्या वेळच्या निजामाच्या राज्यात आपला मराठवाडाही होता, म्हणजे खर्चाचा थोडाफार वाटा औरंगाबाद-नांदेडच्या शेतसाऱ्यातूनही गेला असणार.

आता सुरुवातीपासून.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टनला विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने इथर हुंगवून रुग्णाला बेशुद्ध केलं आणि सर्जनने त्याच्या मानेवरची गाठ काढली. वर्षभरात जगभर इथर सुरू झालं. पण इथरने खोकला येतो, बेशुद्धी यायला वेळ लागतो, आणि ते पेट घेतं. एडिंबरोचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्सन काहीतरी बरं शोधत होते. ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री त्यांनी आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर पेल्यात क्लोरोफॉर्म ओतून हुंगलं आणि तिघेही टेबलाखाली गेले. शुद्धीवर आल्यावर त्यांची खात्री पटली. गोड वास, रुमालावर थोडं टाकलं की काम झालं, यंत्र नको, आग नको. विज्ञानात अशा सोयीस्कर गोष्टी दिसल्या की जरा थबकायला हवं, पण थबकलं कोण?

तीन महिनेही झाले नव्हते. २८ जानेवारी १८४८, इंग्लंडात न्यूकॅसलजवळचं विनलेटन गाव. हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी. पायाच्या अंगठ्याचं नख काढायचं होतं, बस. काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या पायाचं नख इथरखाली काढलेलं होतं आणि तेव्हा काही झालं नव्हतं. या वेळी मुलगी फार घाबरली होती, ऑपरेशनच्या विचाराने रडत होती. तिला खुर्चीत बसवलं, कापडावर चमचाभर क्लोरोफॉर्म ओतून नाकाशी धरलं. अर्ध्या मिनिटात बेशुद्धी आली असं वाटून डॉक्टरांनी चीर दिली. मुलीने झटका दिला, ओठ पांढरे पडले. तोंडावर पाणी मारलं, ब्रँडी घातली, हाताची शीर कापून रक्त काढून पाहिलं. सगळं मिळून तीन मिनिटं. मुलगी गेली.

नखासाठी गेली. या बातमीने लोक हादरले ते एवढ्यासाठी.

आता बघा, एक मृत्यू आणि त्याची किती कारणं! शवविच्छेदन करणाऱ्यांनी फुप्फुसांत रक्त साचल्याचं सांगितलं. सिम्सन म्हणाले, क्लोरोफॉर्मचा काही दोष नाही, बेशुद्ध मुलीच्या तोंडात पाणी आणि ब्रँडी ओतली, त्याने ती गुदमरली. क्लोरोफॉर्म हे सिम्सन यांचं अपत्य होतं, आणि बापाने पोराची बाजू घेतली. लंडनचे जॉन स्नो म्हणाले, नाही, हवेत क्लोरोफॉर्मची वाफ प्रमाणाबाहेर गेली आणि तिने थेट हृदयच बंद पाडलं.

हे स्नो म्हणजे तेच, ज्यांनी १८५४ साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी आणि कॉलरा यांचा संबंध दाखवला. त्यांचा मूळ धंदा भूल देण्याचा होता. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिलं ते त्यांनीच. आम्हाला हा माणूस फार आवडतो, कारण तो मोजत असे. किती तापमानाला हवेत किती वाफ मावते, रुग्णाच्या फुप्फुसात किती टक्के जाते, हे त्याने प्रयोगाने काढलं. त्याचा निष्कर्ष साधा होता: हवेत चार-पाच टक्क्यांच्या वर वाफ नको. रुमालावर ओतलं तर किती टक्के जाते हे देवालाही माहीत नाही, म्हणून मोजून देणारं उपकरण वापरा. १८५८ साली स्नो गेले. त्याच वर्षी त्यांचा ग्रंथ निघाला, आणि त्यात क्लोरोफॉर्मखाली झालेल्या पन्नास मृत्यूंची एकेक करून छाननी आहे. त्यात दिसतं काय? मोठमोठ्या शस्त्रक्रियांत नव्हे, तर नख काढणं, दात काढणं, बोट कापणं असल्या किरकोळ कामांत माणसं जास्त जात होती. आणि बहुधा सुरुवातीलाच. हे स्नोंना दिसलं. का, हे मात्र त्यांना पूर्ण उलगडलं नाही. हा धागा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

यातून दोन घराणी पडली. आपल्या गायकीत पडतात तशीच, आणि तितकीच कडवी. लंडनचं घराणं म्हणे, हृदय सांभाळा, नाडीवर बोट ठेवा. त्या घराण्याच्या जोसेफ क्लोव्हर यांचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. पाठीवर वाफेची मोठी पिशवी, एका हाताने रुग्णाच्या तोंडावर मुखवटा, आणि दुसऱ्या हाताची बोटं रुग्णाच्या नाडीवर. एडिंबरोचं घराणं सर्जन जेम्स साइम यांचं. त्यांचं म्हणणं, नाडीकडे बघूच नका. उघड्या कापडावर क्लोरोफॉर्म मोकळ्या हाताने द्या, श्वासाकडे तेवढं लक्ष ठेवा, जीभ मागे पडली तर पुढे ओढा. श्वास नीट तर सगळं नीट. साइमांचे जावई जोसेफ लिस्टर, जंतुनाशक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक, तेही याच मताचे.

आणि दोन्ही घराण्यांना एक पळवाट उपलब्ध होती. तिचं नाव 'फॅटी हार्ट', म्हणजे हृदयाच्या स्नायूत चरबी शिरून तो दुबळा झालेला असणं. कुणी टेबलावर गेला की शवविच्छेदन होई, हृदय जरा पिवळट, मऊ लागे, आणि चौकशी संपे: रुग्णाचं हृदयच खराब होतं हो, कुणाचा दोष नाही. आमच्या विषयातलं साधं सूत्र आहे, कारण ठरवायचं तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहावे लागतात. जिथे दुबळं हृदय तिथे मृत्यू, हे झालं अर्धं. पण तसंच हृदय असलेले जे शेकडो रुग्ण क्लोरोफॉर्म घेऊन चालत घरी गेले, त्यांची हृदयं कुणी उघडून पाहिली? जिवंत माणसाचं शवविच्छेदन होत नाही. मग व्यतिरेक येणार कुठून? स्नोंनी मात्र तेव्हाच सांगितलं होतं की हृदयरोगी माणसाला शस्त्रक्रिया टळणारी नसेल तर मोजून दिलेलं क्लोरोफॉर्म वेदनेपेक्षा कमी अपाय करतं. आजही भूलतज्ज्ञ वेगळ्या शब्दांत हेच सांगतात.

पुढे समित्या झाल्या. १८६४ साली लंडनमध्ये एक, १८७० च्या दशकाच्या अखेरीस ग्लासगोत एक. दोन्हींचा कल हृदयाकडे झुकला. एडिंबरोचं घराणं मागे पडतंय असं वाटू लागलं, आणि इथे हैदराबादचा प्रवेश होतो.

एडवर्ड लॉरी हे साइमांचे शिष्य. १८८० च्या दशकात ते हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन आणि तिथल्या मेडिकल स्कूलचे प्रमुख झाले. माणूस कामाला वाघ. भारतात इथर वापरणं अवघड होतं, कारण ते पस्तीस अंशाच्या आसपासच उकळू लागतं आणि उन्हाळ्यात बाटलीतच टिकत नाही. तेव्हा क्लोरोफॉर्म हाच आधार. लॉरींनी गुरूच्या पद्धतीने हजारो रुग्णांना भूल दिली. उघडी टोपी, श्वासावर डोळा, बुबुळाला बोट लावून पापणी हलेनाशी झाली की क्लोरोफॉर्म बंद. विद्यार्थ्यांना नाडी पाहायला त्यांनी मनाईच केली होती. त्यांच्या त्या शाळेत रूपाबाई फरदुनजी नावाची पारशी तरुणी शिकत होती. पुढे तिने हैदराबादच्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देण्याचं काम केलं, आणि जगातल्या पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत आज तिचं नाव घेतलं जातं. युरोपातल्या बायकांना वैद्यकशाळेची दारं नुकती कुठे किलकिली होत होती, तेव्हाची ही गोष्ट. लॉरींच्या हट्टीपणाबद्दल आम्ही पुढे बोलणारच आहोत, पण हे श्रेय त्यांच्या खात्यावर आधी मांडून ठेवतो.

१८८८ साली लॉरींनी निजाम सरकारकडून पहिला क्लोरोफॉर्म आयोग नेमवला. कुत्र्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष: श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने शंका घेतली. तुमचे कुत्रे काहीही म्हणोत, आमच्याकडे माणसं हृदय थांबून मरताना आम्ही पाहिली आहेत. यावर लॉरींनी जे केलं ते पाहून आम्ही तरी टोपी काढतो. त्यांनी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारातून एक हजार पौंड मंजूर करून घेतले आणि लॅन्सेटला कळवलं, तुमचाच माणूस पाठवा, खर्च आमचा, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं.

लॅन्सेटने पाठवलेला माणूस साधा नव्हता. टॉमस लॉडर ब्रंटन, औषधशास्त्रातलं त्या काळचं मोठं नाव, हृदयशूळावर अमिल नायट्राइट देण्याची पद्धत त्यांनीच १८६७ साली सुरू केलेली. आणि मत लॉरींच्या विरुद्ध. ऑक्टोबर १८८९ मध्ये ते हैदराबादला आले. दुसरा आयोग बसला: लॉरी, ब्रंटन, सर्जन बॉमफर्ड आणि डॉ. रुस्तमजी हकीम. कुत्री, माकडं, शेळ्या, मांजरं, ससे, घोडेसुद्धा. चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. त्यांतल्या कितीएकांचा रक्तदाब काजळी धरलेल्या कागदावर रेषा उमटवणाऱ्या यंत्राने नोंदवला आणि त्या नोंदींची छायाचित्रं काढून ठेवली. इतकंच नाही, काही प्राण्यांना आधी काही दिवस फॉस्फरस देऊन त्यांचं हृदय मुद्दाम चरबीयुक्त केलं, आणि मग क्लोरोफॉर्म दिलं. म्हणजे 'फॅटी हार्ट'ची पळवाट तपासून पाहणारं कुणी निघालं ते हैदराबादमध्ये. त्या प्राण्यांचं इतरांपेक्षा वेगळं काही झालं नाही. ज्या प्राण्यांचा यात जीव गेला त्यांच्याबद्दल आज आपल्याला वाईट वाटतं, वाटायलाच हवं, पण प्रयोगाची कल्पना सरळ होती हे मान्य करायला हवं.

आणि ब्रंटन पालटले. त्यांनी लंडनला तार केली. तिचा आशय असा, की क्लोरोफॉर्मचा धोका गुदमरण्याचा किंवा अतिमात्रेचा, हृदयाला थेट धोका अजिबात नाही. विरोधी पक्षाचा वकीलच आपल्या बाजूने साक्ष देऊ लागला म्हटल्यावर लॉरींना किती आनंद झाला असेल! १८९० साली अहवाल लॅन्सेटमध्ये छापून आला. श्वासाकडे नीट लक्ष दिलं तर क्लोरोफॉर्म पूर्ण निर्धोक आहे, असा त्याचा सूर.

इथे आपण थांबू. या अहवालात काय बरोबर होतं? पुष्कळ. रुग्ण आडवा असावा, छाती-पोट उघडं असावं म्हणजे श्वास दिसतो, जबडा पुढे ओढून वाट मोकळी ठेवावी, श्वास अडखळला की क्लोरोफॉर्म दूर करावं. टेबलावर दगावणारे अनेक रुग्ण खरोखर गुदमरूनच दगावत. हैदराबादच्या या शिस्तीने कितीजण वाचले असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही.

मग चुकलं काय? पहिली चूक तर्काची. लॉरींना कुणी सांगितलं की अमुक ठिकाणी हृदय थांबून माणूस गेला, की त्यांचं उत्तर ठरलेलं: त्या डॉक्टराने श्वासाकडे नीट पाहिलं नसणार. पाहिलं होतं म्हणाला तर? तर त्याला पाहता येत नसणार. आता असं विधान कुठल्या पुराव्याने खोटं ठरेल? कुठल्याच नाही. जे कशानेच खोटं ठरत नाही ते शास्त्रातलं विधान राहत नाही, हे कार्ल पॉपर यांनी पुढे सांगितलं. आपल्या गावचा मांत्रिकही हेच करतो. गुण आला तर मंत्राचा, नाही आला तर तुमच्या श्रद्धेत खोट. लॉरी मांत्रिक नव्हते, ते उत्तम सर्जन होते. म्हणूनच ही गोष्ट आम्हाला अस्वस्थ करते.

दुसरी चूक अधिक खोल आहे आणि तिचा दोष लॉरींना देता येत नाही. प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. श्वास आधी की हृदय? जणू दोनच दारं आहेत आणि यम एका वेळी एकाच दाराने येतो.

लगेच विरोध सुरू झाला. ॲबर्डीनच्या जॉन मॅकविल्यम यांनी १८९० साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की क्लोरोफॉर्मने हृदय फुगतं, सैल पडतं, आणि हे श्वास चालू असतानाही घडतं. १८९३ मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर यांनी दोन प्राण्यांचं रक्ताभिसरण एकमेकांत जोडून एक कौशल्याचा प्रयोग केला, ज्यामुळे क्लोरोफॉर्म फक्त मेंदूकडे किंवा फक्त हृदयाकडे पाठवता येई. हृदयाकडे गेलं तेव्हा रक्तदाब घसरला. म्हणजे हृदयाच्या स्नायूवर थेट परिणाम होतो. स्नो बरोबर होते.

पण हॅना ग्रीनरचं कोडं तरीही सुटलं नाही. तिला क्लोरोफॉर्म मिळालंच किती? चमचाभर, अर्धा मिनिट. चिरेसरशी तिने झटका दिला, म्हणजे पुरती बेशुद्धही नव्हती. अतिमात्रा म्हणायला जीभ रेटत नाही, आणि गुदमरली म्हणावं तर तेवढा वेळही नव्हता.

उत्तर यायला १९११ साल उजाडलं. लंडनचे डॉक्टर गुडमन लेव्ही. त्यांनी मांजरांना क्लोरोफॉर्म दिलं, पण थोडं. हलकी भूल. आणि मग शिरेतून ॲड्रेनलिनची लहानशी मात्रा. मांजर तत्काळ मेलं. हृदय थांबलं नव्हतं, ते थरथरत होतं. लक्षावधी स्नायुतंतू, प्रत्येक आपापल्या तालात, त्यामुळे एकही ठोका पडत नाही. या थरथरीचं वर्णन आणि तीच माणसांच्या आकस्मिक मृत्यूचं कारण असावी हा अंदाज, त्याच मॅकविल्यम यांनी १८८९ मध्ये, म्हणजे हैदराबादला दुसरा आयोग बसला त्याच वर्षी, प्रसिद्ध केला होता. लेव्हींनी दोन टोकं जोडली. क्लोरोफॉर्म हृदयाच्या स्नायूला असं हळवं करून ठेवतं की अंगात ॲड्रेनलिन उसळलं की तो तालच सोडतो. आणि ॲड्रेनलिन कधी उसळतं? भीतीने. वेदनेने. धडपडीने. अर्धवट भुलीत चीर पडल्यावर. आणि भूल गाढ असेल तर? तर उलट धोका कमी.

आता मागचा धागा उचला. किरकोळ ऑपरेशनांत माणसं का जात होती? कारण किरकोळ म्हणून भूल हलकी दिली जाई. सुरुवातीलाच का? कारण तेव्हाच रुग्ण सर्वांत घाबरलेला. आणि क्रूर भाग पुढेच आहे. हृदयाच्या धास्तीने जे डॉक्टर थोडं थोडं, थांबून थांबून क्लोरोफॉर्म देत, ते अपघात जवळ आणत होते. लॉरींचे रुग्ण सहसा का वाचले? कारण ते सलग, निःशंक, पापणी हलेनाशी होईपर्यंत भूल देत. त्यांचं कारण चुकीचं होतं आणि हात बरोबर होता. त्यांच्या प्रयोगशाळेतले प्राणीही असेच गाढ भुलीत जात. घाबरून रडणारी पंधरा वर्षांची मुलगी त्या चारशे प्राण्यांत एकही नव्हती.

त्यांनी ती शोधायला हवी होती असंही म्हणता येत नाही. ॲड्रेनल ग्रंथीच्या अर्काचा रक्तदाबावर काय परिणाम होतो हेच मुळी ऑलिव्हर आणि शेफर यांनी १८९४ च्या सुमारास दाखवलं. १८८९ मध्ये हैदराबादच्या त्या खोलीत या पदार्थाचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं.

तर मंडळी, आता धूर. नैयायिक म्हणतात, धूर असेल तिथे अग्नी असतो हे खरं, पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असं नाही. लोखंडाचा तापलेला गोळा घ्या, अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला अग्नीला ओलं सरपण लागतं. या ओल्या सरपणाला त्यांनी नाव दिलं 'उपाधी'. क्लोरोफॉर्म हा अग्नी, आणि रुग्णाची भीती हे ओलं सरपण. लॉरींनी कोरड्या लाकडांवर चारशे वेळा विस्तव पेटवला आणि जाहीर केलं, अग्नीपासून धूर होतच नाही. लंडनवाले धुराने डोळे चोळत म्हणत होते, होतो. दोघेही जे पाहिलं तेच सांगत होते. सरपणाला हात लावून पाहायचं कुणाला सुचलं नाही.

जाता जाता एक. मराठीत 'भूल' म्हणजे चूकही आणि बेशुद्धीही. ज्याने कुणी हा शब्द या कामासाठी रूढ केला, त्याने हा इतिहास वाचला नसेल, पण शब्द नेमका बसला.

क्लोरोफॉर्म विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हळूहळू मागे पडलं. १९५६ मध्ये मँचेस्टरला हॅलोथेन वापरात आलं. तेही हृदयाला ॲड्रेनलिनबाबत हळवं करतं आणि हृदयाच्या स्नायूचा जोर कमी करतं, म्हणजे स्वभाव क्लोरोफॉर्मच्याच घरचा, फक्त पुष्कळ सौम्य. आणि १९५८ साली लंडनचे शवविच्छेदनतज्ज्ञ डोनाल्ड टीअर यांनी आठ रुग्णांची एक मालिका प्रसिद्ध केली. बहुतेक तरुण, बहुतेक अचानक गेलेले. त्यांच्या हृदयाच्या दोन मोठ्या कप्प्यांमधली भिंत बेढब जाड झालेली होती. हाच तो आजार, ज्याला आज हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. तो घराण्यात चालत येतो.

या जाड भिंतीच्या आजाराची तऱ्हाच न्यारी. अरुंद वेशीतून जत्रेची गर्दी बाहेर पडताना पाहिली असेल तुम्ही. मागचे जितके जोराने रेटतात तितकी वेस तुंबते. इथे तसंच होतं. हृदयाने जोर वाढवला, ठोके वाढले, किंवा आत रक्त कमी भरलं, की जाड भिंत आणि झडप मिळून बाहेरची वाटच बंद करतात. म्हणून असा रुग्ण टेबलावर असेल आणि रक्तदाब पडला, तर सवयीने जे औषध हाती येतं, हृदयाला चाबूक मारणारं, ॲड्रेनलिनसारखं, ते इथे घात करतं. इथे द्यायचं ते शिरेतून पाणी, आणि रक्तवाहिन्या आवळणारं औषध. ठोके संथ ठेवायचे. रोजची बीटा-ब्लॉकरची गोळी ऑपरेशनच्या सकाळीही चुकवायची नाही. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर करणं, जे एरवी सोपं आणि सुरक्षित, त्याने रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, म्हणून तेही फार जपून. आणि जुन्या पुस्तकांत या रुग्णांसाठी हॅलोथेनची शिफारस असे, कारण ते हृदयाचा जोर कमी करतं! ज्या गुणासाठी स्नोंपासून सगळे क्लोरोफॉर्मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत आले, तोच गुण इथे उपयोगी पडला.

याच्या उलट ज्याचं हृदय ताणून ताणून जुन्या इलास्टिकसारखं सैल झालंय, त्याचं. तिथे उरलासुरला जोर कमी करणारं काहीही नको, आणि रक्तवाहिन्या फार आवळल्या तर ते बिचारं हृदय ढकलणार कसं? एकाला जे तारतं ते दुसऱ्याला मारतं. दोन्हींचं नाव मात्र एकच, हृदयाच्या स्नायूचा आजार. एकोणिसाव्या शतकात दोन्ही 'फॅटी हार्ट'च्या एकाच गाठोड्यात बांधले गेले असते.

म्हणून ती बाई नळी लावून ऐकत राहिली. म्हणून तिने एस.टी. स्टँडवर पडलेल्या भावाबद्दल विचारलं.

आमच्या मित्रांच्या इकोत भिंत जाड निघाली. इतकी वर्षं काही त्रास नव्हता, जिना चढताना दम लागतो तो वयाने, असं ते समजत होते. ऑपरेशन तीन आठवड्यांनी झालं, सुखरूप झालं. सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर दिली, आदल्या रात्रीपासून शिरेतून पाणी सुरू ठेवलं, आणि आत नेण्याआधी त्या डॉक्टर बाई दहा मिनिटं त्यांच्याशी त्यांच्या नातवंडांबद्दल गप्पा मारत बसल्या. मित्र आम्हाला म्हणाले, "बाई बोलघेवडी आहे." आम्ही म्हटलं, "अहो, ती बोलत नव्हती, सरपण वाळवत होती." त्यांना कळलं नाही, तुम्हाला कळेल.

त्यानंतर त्यांनी आपल्या मुलांची तपासणी करून घेतली. दोघांचंही हृदय ठीक आहे. मग बरेच दिवस घुटमळून त्यांनी गेलेल्या भावाच्या मुलीला फोन केला. ती आता पुण्याला असते. वडील गेले तेव्हा दोन वर्षांची होती, आणि वडील कशाने गेले हे तिला घरात कुणी कधी नीट सांगितलेलं नव्हतं. तिची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.

प्रश्न असतील तर घेऊ.